काकूंचा दुसरा कप

आमच्या घरमालकीणकाकूंनी आयुष्यात कुठलीच गोष्ट दुसरीशी ताडल्याशिवाय पारखली नाही. चहासुद्धा दोन भांड्यांत, एकात नवी पूड, दुसऱ्यात नेहमीची. दोन्हींतला घोट घेतल्याशिवाय चहाला चांगला म्हणणं त्यांना खोटं बोलण्यासारखं वाटे. शेजारणीने नवं लोणचं आणलं, तर "जुनंही आणा" म्हणून तिला परत पाठवत. मी दिघाशी गावाहून भिवंडीला कॉलेजसाठी आलेली, त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. सुरुवातीला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

मग कळलं, त्या मुंबईत एका प्रयोगशाळेत बर्ड फ्लूवर औषध शोधत होत्या. म्हणजे त्या विषाणूच्या एका सौम्य चुलतभावावर, कारण खरा तिथे आणायची परवानगी नव्हती. मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, पण काचेच्या ताटलीत पेशी वाढवायच्या, त्यांना विषाणू लावायचा, वर औषध घालायचं. शेजारी औषध न घातलेली दुसरी ताटली, ताडून पाहायला. संध्याकाळी मी "आज काय झालं?" विचारलं, की चप्पल काढता काढता म्हणत, "भाडेकरू गेला गं, पण घरमालकही गेला." भाडेकरू म्हणजे विषाणू, घरमालक म्हणजे पेशी. हे सांगताना माझ्याकडे बघून हसत. त्या वर्षी सगळी भिवंडी चिकनला घाबरत होती, काकू मात्र कोंबड्यांबद्दल "बिचाऱ्या आजारी बायका" म्हणून हळहळत.

पहिल्या वर्षाला मी रसायनशास्त्रात नापास झाले. त्याच आठवड्यात काकूंचं सगळ्यात आशेचं औषधही. वडील मला न्यायला आले. माझी बॅग भरलेली होती.

"न्हाय जमत पोरीला," ते म्हणाले. "राहनाळच्या गोडाऊनात काम हाय, लागंल तिथं."

काकूंनी त्यांच्यापुढे दोन कप ठेवले. "भाऊ, माझी इतकी औषधं नापास झाली, मला कोणी गावी नेलं नाही. तुमच्या घरातून आधी कॉलेजात कोण गेलंय?"

"कोन न्हाय."

"मग ही कमी पडली, हे कोणाशी ताडून ठरवलंत?"

वडिलांनी एकामागून एक दोन्ही कप संपवले. मग मला म्हणाले, "बॅग सोड."

पुढे काकू निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या. औषध काही त्यांच्या हाती लागलं नाही. "कुठली चालत नाहीत, ते पुढच्यांना कळलं ना," निघताना एवढंच म्हणाल्या. परवा धाकट्या बहिणीचा पहिल्या वर्षाचा निकाल लागला. फोनवर रडत तिने विचारलं, "ताई, तुझंही असंच झालं होतं ना?"

"झालं होतं," मी म्हटलं. तिला ताडून पाहायला आता कोणीतरी आहे. काकूंना हे कळवायचं रोज ठरवते, पण राहून जातं. चहा मात्र अजून एकाच भांड्यात करते.