माघातली छाटणी

"थंडी संपली असं मी ठरवलंय," असं म्हणून बाई अंगावरची शाल काढून खुंटीला अडकवायच्या. तो दिवस वसंतपंचमीचा असे. बाहेर गंगेवर धुकं बसलेलं असायचं, वर्गातल्या मुली हात काखेत घालून कुडकुडत असायच्या आणि आम्हा मास्तरणींची दातखीळ बसायची वेळ आलेली असायची. पण बाईंनी ठरवलं म्हणजे ठरवलं. त्यानंतर त्यांच्यासमोर कुणी शिंकलं तरी त्या अशा बघायच्या, की शिंक अर्ध्यावर परत जावी.

बनारसमध्ये बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला आमची मराठी वस्ती. तिथेच आमची मुलींची छोटी शाळा होती. बाई त्या शाळेच्या मुख्य. मी त्यांच्या हाताखाली नवीन लागले तेव्हा विशीतही नव्हते. इंग्रजांचं राज्य होतं, शाळेला थोडंफार सरकारी अनुदान होतं आणि वर्षातून एकदा एक गोरी इन्स्पेक्टरीण येऊन मुलींचे पाढे ऐकून जायची. बाई शाळेच्या मागच्याच खोलीत राहायच्या. लहानपणीच विधवा झालेल्या, पुण्याकडे शिकलेल्या, आणि मग इकडे आलेल्या. त्यांचं आधीचं आयुष्य याहून जास्त मला कधी कळलं नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

खोलीच्या मागे त्यांची बाग होती. बाग म्हणजे काय, तर मोगऱ्याची एक लांब रांग, कडेला जाई आणि कोपऱ्यात लिंबाचं एक झाड. झेंडूला त्या बागेत मज्जाव होता. "तो दशाश्वमेध घाटावर ढिगानं मिळतो, त्याला पाणी कशाला घालायचं?" एकदा इन्स्पेक्टरीण मेमसाहेबांनी विलायती फुलांचं बी दिलं होतं. बाईंनी ते लावलं, फुलंही आली. बाईंनी एक फूल नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "दिसायला बरी आहेत. बोलत नाहीत." पुढल्या वर्षी ती दिसली नाहीत.

हिवाळाभर मात्र बाईंची आणि बागेची सारखीच दशा असायची. मोगऱ्याचं पाणी बंद, बाईंचे सांधे धरलेले. बाई खुर्चीखाली बोरसी ठेवून, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं हो, त्यावर पाय शेकत बसायच्या आणि सगळ्या जगाला टाकून बोलायच्या. मग वसंतपंचमी आली, की कामाला सुरुवात. त्याचाही क्रम ठरलेला. "आधी अंग, मग अवजार, मग झाड." पहिले काही दिवस उन्हात बसून गुडघ्यांना तिळाचं तेल चोळायचं. मग कात्री आणि खुरपी घासून चकचकीत करायच्या. आणि माघ वद्य पंचमीला, माळ्याला बोलावून मोगऱ्याची छाटणी. फांद्या आखूड करायच्या, जुनी पानं ओरबाडून काढायची, बुंध्याजवळची माती उकरून मुळांना ऊन दाखवायचं, मग खत घालून पाणी सोडायचं. "झोपलेल्याला गोंजारून उठवू नये," असं त्या म्हणायच्या. ते झाडाबद्दल होतं की स्वतःबद्दल, हे ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

चैत्रात तो मोगरा असा काही फुलायचा, की गल्लीत शिरल्या शिरल्या कळावं. आमच्या मराठी घरांतून चैत्रगौरीची हळदीकुंकवं सुरू झाली, की रोज कुठल्या ना कुठल्या घरी बाईंच्या बागेतले गजरे जायचे. शाळेतल्या मुली परडी घेऊन पोचवायच्या. बाई स्वतः कधी गेल्या नाहीत. विधवेला कोण हळदीकुंकवाला बोलावणार? त्यांची फुलं गौरीच्या पायाशी जायची आणि त्या खोलीत बसून वह्या तपासायच्या. याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. मला मात्र ते लागायचं, आणि आजही लागतं.

तर त्या वर्षीची गोष्ट. कार्तिकस्नानाला गेलेल्या बाई घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या आणि नडगीचं हाड मोडलं. कामट्या बांधल्या, लेप झाले, मोठ्या डॉक्टरांनाही दाखवलं. ते म्हणाले, "हाड जुळेल. पण या वयात बाई पुन्हा नीट चालतील अशी आशा धरू नका." हे त्यांनी दाराबाहेर येऊन हळू आवाजात सांगितलं आणि बाईंनी आतून स्वच्छ ऐकलं.

नाताळच्या सुट्टीत नागपूरहून त्यांचा भाचा आला. वकील होता, भला माणूस होता. मावशीला घेऊन जायचं असं ठरवूनच आला होता.

"मावशी, इथं एकटी कशी राहणार तू? तिकडं घर आहे, माणसं आहेत."

"इथं काय माकडं आहेत?" बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "आहेत म्हणा. पण माणसंही आहेत."

बराच वेळ वाद झाला. बाईंना नागपूरचा तिटकारा नव्हता. पण तिथं गेल्यावर त्या कुणाच्या तरी ओसरीवरची म्हातारी होणार होत्या, आणि इथं त्या बाई होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "चैत्रापर्यंत थांब. यंदा गौरीची फुलं मी माझ्या पायांनी घरोघर पोचवीन. पोचवली तर इथंच राहीन. नाही जमलं तर मुकाट तुझ्याबरोबर येईन."

भाच्यानं लगेच कबूल केलं. डॉक्टरांशी तोही बोलला होता ना!

तो गेला आणि बाई खचल्या. तोंडानं पैज लावली खरी, पण कामट्या सुटल्यावरही त्या पाय टेकवेनात. पलंगावर रजाई ओढून भिंतीकडं तोंड करून पडायच्या. मी तेल घेऊन गेले की म्हणायच्या, "उद्या." बाईंच्या तोंडून "उद्या" हा शब्द मी त्याआधी ऐकलेला नव्हता. माळी बिचारा दाराशी येऊन विचारायचा, तेव्हा त्याला त्यांनी पडल्या पडल्याच सांगून टाकलं, "माघ बदी पंचमी को काट देना. मेरी राह मत देखना."

आणि इथंच घोटाळा झाला. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडच्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्ष दोघांचा एकच, पण वद्य पक्ष आला की त्यांचा महिना आपल्यापुढं जातो. आपला पौष वद्य चालू असतो तेव्हा त्यांचा माघ बदी लागलेला असतो. बनारसच्या प्रत्येक मराठी घरात हे पोराबाळांना ठाऊक असतं. हिंदी माणसाशी बोलताना आपण वद्य तिथीचा महिना आपोआप पुढचा सांगतो. बाईंनीही जन्मभर तेच केलं असेल. पण छाटणीची तिथी माळ्याला आधी सांगायची वेळ कधी आली नव्हती; दरवर्षी त्या दिवशी त्या बागेत खुर्ची टाकून बसायच्या आणि त्याला हाक मारायच्या. या वर्षी भिंतीकडं तोंड करून बोलताना भाषा माळ्याची निघाली आणि महिना आपला.

माळी इमानी माणूस. आपल्या तिथीला, म्हणजे महिनाभर आधी, ऐन पाल्याच्या दिवसांत तो आला. पाला म्हणजे तिकडचं गोठलेलं दहिवर, कोवळं पान रात्रीत जाळून टाकतं. मी संध्याकाळी गेले तर सबंध रांग छाटलेली, पानं ओरबाडलेली, मुळं उघडी. आत जाऊन म्हटलं, "बाई, छाटणी आजच करायची होती?"

"आज कशी असेल? आज पौष वद्य पंचमी," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांचा चेहरा बदलला.

माळ्याला बोलावलं. तो हात जोडून उभा राहिला. "बाईजी, आपै त कहले रहलीं, माघ बदी पंचमी. हमहूँ सोचलीं कि अबहीं त बहुत जाड़ा बा. बाकी आप कहलीं त कइ देहलीं." थंडी अजून फार आहे हे त्यालाही दिसत होतं, पण बाईंनी तीच तिथी सांगितली म्हणून त्यानं छाटून टाकलं होतं.

बाईंनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते नुसतंच रडणं झालं. दोन-अडीच महिने हाडाच्या कळा सोसताना ज्या रडल्या नव्हत्या, त्या रडल्या. पैज माळ्यालाही ठाऊक होती, आणि आम्हाला दोघांनाही कळत होतं, की फुलंच नसली तर पोचवायचं काय?

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं डोळे पुसले. "माझ्या चपला कुठं आहेत?" त्या म्हणाल्या.

"बाई, बाहेर गारठा आहे."

"मुळं उघडी आहेत बाहेर. तू मला गारठा सांगतेस?"

आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरून त्यांना बाहेर नेलं. तेवढ्या दोन पावलांत त्यांच्या कपाळाला घाम आला. पाटावर बसून त्यांनी स्वतःच्या हातांनी मुळांवर माती लोटली. मग हुकूम सुटला. माळ्यानं पेंढा आणला. तो पुरेना, तेव्हा वर्गातल्या टाटपट्ट्या, म्हणजे मुलींच्या बसायच्या तागाच्या पट्ट्या, काढून झाडांवर घातल्या. "पोरींना सकाळी परत मिळतील," बाई म्हणाल्या.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी झाकायचं, सकाळी ऊन आलं की उघडायचं आणि शाळेची घंटा व्हायच्या आत टाटपट्ट्या झटकून वर्गात. मधेच इन्स्पेक्टरीण आली. मुलींच्या परकरांना माती का, असं तिनं विचारलं. बाईंनी काठीवर रेलून शांतपणे सांगितलं, "हा आमचा निसर्गपाठ." मेमसाहेबांनी ते शेऱ्यात लिहिलं, चांगलं म्हणून.

हो, काठीवर. कारण झाकायला आणि उघडायला बाई स्वतः जात होत्या. पहिले काही दिवस आमच्या खांद्यांवर भार टाकून पहिल्या झाडापर्यंत. मग तिसऱ्या. एखाद्या दिवशी मधेच बसकण मारायच्या, पायाला शिव्या द्यायच्या, चांगल्या ठसठशीत मराठी शिव्या, आणि पुन्हा उठायच्या. तेल रोज लागायला लागलं. होळीच्या सुमाराला त्या एकट्या काठी टेकत रांगेच्या टोकाला जाऊन आल्या आणि काहीच झालं नाही असं दाखवत मला म्हणाल्या, "पलीकडच्या लिंबाला कीड लागलीय. तुम्हा तरुण मुलींचं लक्ष नसतं."

झाडं मात्र सगळी वाचली नाहीत. निम्म्याहून अधिक काळी पडली. बाईंनी ती स्वतः उपटवली. मला वाईट वाटलं, त्यांना तितकं वाटलं नसावं. "मेलेलं उभं ठेवायचं नाही. जे जगलंय त्याला खत घाल." जगलं होतं त्याला खरोखर कळे धरले.

चैत्रात भाचा आला. मावशीचं सामान न्यायला एक मोठी रिकामी ट्रंक घेऊन आला होता. दारात त्याला मावशी उभी दिसली, तेव्हा ट्रंक कुठं ठेवावी हे त्याला सुचेना.

"बाळू, उद्या दुपारी माझ्याबरोबर यायचं," बाई म्हणाल्या. "पडले तर उचलायला. नाही पडले तर परडी धरायला."

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्या त्याच खोलीत राहिल्या. पण त्यांची आठवण आली की मला ती दुपार दिसते. चैत्राचं ऊन, बाईंचं पांढरं स्वच्छ लुगडं, एका हातात काठी, आणि मागून परडी घेऊन चाललेला नागपूरचा वकील. फुलं थोडी होती, गजरे होण्यासारखी नव्हती. प्रत्येक दाराशी बाई थांबायच्या, एक ओंजळ आत द्यायच्या आणि म्हणायच्या, "यंदा ओंजळच. पुढच्या वर्षी गजरे." पहिल्यांदा "पुढच्या वर्षी" ऐकलं तेव्हा भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं.

शेवटचं घर उपाध्यांचं, घाटाला लागून. त्या घरच्या काकूंच्या सोवळ्याचा सगळ्या गल्लीला धाक. आत हळदीकुंकू भरात होतं, बायकांचा कलकलाट ऐकू येत होता. बाईंनी ओंजळ आत दिली आणि पाय इतका थरथरायला लागला, की त्या तिथंच दाराच्या पायरीवर बसल्या. "जरा टेकते, मग निघते," असं म्हणाल्या.

काकू उंबऱ्याशी आल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी बाईंकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं.

"उंबरा फार उंच आहे, बाई. तुम्ही नका चढू," त्या म्हणाल्या. "मीच येते."

आणि आंब्याच्या डाळीची वाटी आणि पन्ह्याचा पेला घेऊन त्या बाहेर आल्या आणि पायरीवर बाईंच्या शेजारी बसल्या. पाठोपाठ त्यांची सून आली. मग आणखी एक आली. मग सगळ्याच आपापल्या वाट्या घेऊन गल्लीत येऊन बसल्या आणि बाईंच्या पायाची चौकशी करायला लागल्या. बाई डाळीत मीठ कमी आहे म्हणून काकूंना सांगत होत्या.

भाचा रिकामी परडी घेऊन भिंतीशी उभा होता. "मावशी," तो म्हणाला, "ती ट्रंक राहू दे तुझ्याकडं. खुरपी ठेवायला होईल."

बाईंनी मान हलवली. मग वाटीतली डाळ संपवायला लागल्या. दाराबाहेर उभं राहून मी आत डोकावले. घर रिकामं झालं होतं. झोपाळ्यावर गौर एकटीच बसली होती आणि तिच्या पायाशी ओंजळभर मोगरा होता.