रुपराव भोयर ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा

रुपराव भोयर मूळचे खाप्याचे. कन्हानकाठची शेती दोन थोरल्या भावांनाच पुरत नव्हती, म्हणून धाकट्या रुपरावांनी आयटीआय केलं, कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. लग्न होऊन शामलाबाई कॉलनीच्या क्वार्टरमध्ये आल्या तेव्हापासून घर शिफ्टवर चालायचं. लक्ष्मीपूजनाला नवरा नाइटला असला की पूजा दुसऱ्या दिवशी दुपारी, तो झोपून उठल्यावर. लांबची सहल कधी झालीच नाही. एकदा पचमढीला जायचं ठरलं होतं, तर नेमकं युनिट बंद पडलं आणि रजा रद्द झाली.

ऑस्ट्रेलियाचं वेड रुपरावांना क्रिकेटमुळे लागलं. तिथली कसोटी आपल्याकडे पहाटे सुरू होते. नाइट करून ते घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि चहाचा कप घेऊन टीव्हीपुढे बसायचे. बाहेर थंडी, अंगणातल्या तुळशीवर वीज केंद्राच्या राखेचा पातळ थर, आणि पडद्यावर लख्ख ऊन पडलेलं हिरवं मैदान. "तो देश एकदा पाह्यचा आहे वं," ते म्हणायचे. शामलाबाई हो म्हणत आणि पोळ्यांना लागत.

निवृत्तीनंतर मानकापूरला घर झालं. मुलगा अश्विन हैदराबादला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, सून नूपुरही तिकडचीच झाली. आता अडवणारं काही नव्हतं. पुण्याच्या एका सहल कंपनीची ऑस्ट्रेलियाची टूर रुपरावांनी स्वतः शोधली आणि सप्टेंबरची जागा घेतली. मेलबर्न, मधलं वाळवंट, केर्न्स, सिडनी. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावर बोट फिरवून दाखवू लागले.

त्याच सुमाराला एक दिवस ते सीताबर्डीहून बसने घरी आले. "स्कूटर चोरीले गेली," म्हणाले. पोलिसांत तक्रार झाली, आणि नंतर स्कूटर सापडली ती त्यांनीच लावलेल्या जागी, धुळीनं माखलेली. तोच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारू लागले. दूध आलं का? आलं. थोड्या वेळानं पुन्हा, दूध आलं का? शामलाबाईंनी फोनवर अश्विनला सांगितलं. तो हसून म्हणाला, "आई, गाडी कुठं लावली ते मीबी विसरतो. वय झालं त्यायचं." शामलाबाईंनाही ते पटवून घ्यायचं होतं. त्यांनी पटवून घेतलं.

मेलबर्नच्या हॉटेलात पहिल्याच सकाळी शामलाबाईंना जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. रुपराव कपाटाचं दार उघडून आत लघवी करत होते.

"अहो, हे कपाट आहे," त्या म्हणाल्या.

रुपरावांनी वळून पाहिलं. चेहऱ्यावर लाज नव्हती, नुसता गोंधळ होता. "मोरी कुठं गेली इथली?"

शामलाबाईंनी टॉवेल घेतले, गुडघ्यांवर बसून कपाट पुसलं, टॉवेल टबात धुतले. कुणाला कळू नये एवढाच विचार त्या वेळी त्यांच्या मनात होता. खाली नाश्त्याला गेल्यावर टूर मॅनेजर मयुरानं विचारलं, "काका-काकू, झोप झाली ना छान?" मयुरा तरुण मुलगी, पुण्याची, बोलायला गोड. शामलाबाई म्हणाल्या, "मस्त झाली."

त्या दिवशी मैदान दाखवायला नेलं. टीव्हीवर पहाटे दिसायचं तेच मैदान. बसमधले लोक हरखून गेले होते, पुरुषमाणसं एकमेकांचे फोटो काढत होती. रुपराव खुर्च्यांच्या रांगेत उभे राहून समोर बघत होते. शामलाबाई जवळ गेल्या. आता तरी हे काही बोलतील, असं त्यांना वाटलं.

"हे कोणतं गाव आहे?" रुपरावांनी विचारलं.

"मेलबर्न. तुम्हाले पाह्यचं होतं ना?"

"हाव का?" ते म्हणाले. मग हळूच, "घरी कधी जाचं?"

घरी असताना पलंग कुठं, दिव्याचं बटण कुठं, मोरी कुठं हे त्यांना विचार न करता सापडत होतं. इथं दर दोन दिवसांनी खोली बदलत होती. प्रत्येक खोलीत ते नव्यानं हरवायचे. शामलाबाईंनी त्यांच्या खिशात हॉटेलचं कार्ड ठेवायला सुरुवात केली. पुरुषांच्या टॉयलेटबाहेर त्या उभ्या राहू लागल्या. जेवताना कुणी त्यांना काही विचारलं की स्वतःच उत्तर द्यायच्या. नाशिकच्या गोपिकाताई, बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यांच्या मागच्या सीटवर बसत. त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही मिस्टरांना बोलूच देत नाही हो." सगळे हसले. शामलाबाईही हसल्या.

मेलबर्नहून विमानानं देशाच्या मध्यावर नेलं. तिथून लाल वाळवंटातल्या एका प्रसिद्ध, अवाढव्य खडकापर्यंत दिवसभराचा बसचा प्रवास होता. सूर्य मावळताना खडकाचा रंग बदलतो, तो पाहण्यासाठीच सगळे आले होते. खिडकीबाहेर लाल माती, सुकलेलं गवत, खुरटी झुडपं, आणि सरळ रस्ता. तासन्‌तास गाव नाही. मध्येच तीन तीन डबे जोडलेले अजस्र ट्रक समोरून येत आणि बस हादरवून जात.

दुपारी एका पेट्रोल पंपापाशी बस थांबली. पंप, छोटं हॉटेल, मागे टॉयलेट. माश्या तोंडावर बसत होत्या, हाकलून हाकलून हात दुखायचे. रुपराव आत गेले आणि शामलाबाई दाराशी उभ्या राहिल्या. बराच वेळ झाला. गोपिकाताईंचे यजमान बाहेर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "आमचे हे आत आहेत ना?"

"आत तर कोणी नाही," ते म्हणाले.

त्या आत शिरल्या. पलीकडच्या भिंतीला दुसरं दार होतं. ते ट्रक उभे करायच्या मैदानात उघडत होतं.

पुढचं सगळं त्यांना तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मयुरा पळत होती, कुणी हॉटेलात शोधत होतं, कुणी पंपामागे. तोवर कुणाला काही माहीत नव्हतं, त्यामुळे मयुरा पुन्हा पुन्हा विचारत होती, "काका असे कुठं जातील, काकू? रागावले होते का?" शामलाबाईंना तोंड उघडावं लागलं. "त्यायले समजत नाही," त्या म्हणाल्या. "आल्यापासून समजत नाही."

मयुरानं पोलिसांना फोन लावला. पोलिस ठाणं खूप लांब होतं. पंपावरची बाई, उन्हानं रापलेली, दांडगी, तिनं आपली गाडी काढली आणि शामलाबाईंना शेजारी बसायची खूण केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाईनं रस्त्याकडे बोट दाखवून दोन्ही दिशा दाखवल्या आणि भुवया उंचावल्या. शामलाबाईंनी ट्रकच्या मैदानाची बाजू दाखवली.

ते बऱ्याच अंतरावर सापडले. रस्त्याच्या कडेनं, डांबराची कड धरून, ताठ चालत होते. स्वेटर काढून घडी घालून काखेत धरला होता. बाजूनं एक ट्रक गेला, त्या वाऱ्यानं ते झोकांडले आणि पुन्हा चालू लागले. शामलाबाई उतरून धावत पुढे गेल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"कुठं चालले?"

"बी शिफ्ट आहे," रुपराव म्हणाले. "बस चुकली. पायी जाऊन राह्यलो."

त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, ओठांना भेगा पडल्या होत्या. ते शामलाबाईंकडे परक्या बाईकडे बघावं तसं, जरा नजर चुकवून बघत होते.

"बाई, तुम्ही कोन्या क्वार्टरच्या?"

शामलाबाईंनी त्यांच्या तोंडावरच्या माश्या हाकलल्या. रुपराव एक पाऊल मागे सरले.

"तुम्हाले त्रास नसन तं माह्या घरी एक निरोप सांगजा. शामला वाट पाहून राहीन. तिले म्हना, आज उशीर होईन. जेवून घे म्हना."

"सांगतो," शामलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी गाडीकडे हात केला. "ही गाडी तिकडंच चालली. बसून घ्या."

ते मागच्या सीटवर बसले, शेजारी शामलाबाई. पंपावरच्या बाईनं गाडी वळवली आणि मागे हात करून पाण्याची बाटली दिली. थोड्या वेळानं रुपरावांनी बाटली हातात धरून शामलाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "शामला, हे झाकन उघडून दे वं." अगदी नेहमीच्या आवाजात. त्यांनी झाकण उघडून दिलं.

खडकापाशी बस पोचली तेव्हा सूर्य मावळून गेला होता. उतरताना गोपिकाताई शामलाबाईंजवळ थांबल्या. "तुमच्यावर काय गुदरतंय ते समजतं मला," त्या म्हणाल्या. "पण आम्हीही आयुष्यात एकदाच आलोय हो. निदान आधी सांगायचं." त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. शामलाबाईंनी मान हलवली.

हॉटेलवर पोचल्यावर मयुरानं अश्विनला फोन लावून दिला.

"आई, हे कधीपासून चालू आहे?" त्याचा आवाज चढला होता. "मले सांगितलं काहून नाही?"

स्कूटरचं सांगितलं होतं, दुधाचं सांगितलं होतं. शामलाबाई म्हणाल्या, "मलेच समजलं नाही बेटा."

परत फिरायचा विचार झाला. पण दोन ठिकाणी विमान बदलत, अनोळखी विमानतळांवरून एकटीनं त्यांना न्यावं लागणार होतं. त्यापेक्षा या लोकांच्या सोबतीनं राहिलेलं बरं. म्हणून टूर पूर्ण झाली. केर्न्सला तळाला काच लावलेल्या बोटीतून समुद्रातली पोवळी दाखवली, सिडनीला बोटीतून बंदर फिरवलं. शामलाबाईंनी आपली ओढणी दुहेरी करून एक टोक त्यांच्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या. कुणी बघून न बघितल्यासारखं केलं. कुणी फोटो काढताना त्यांना कडेला उभं केलं, ओढणी दिसू नये म्हणून. गोपिकाताई मात्र रोज त्यांचं ताट वाढून आणू लागल्या. शामलाबाईंना आज त्या देशाबद्दल विचारलं तर सांगण्यासारखं फारसं काही नसतं. त्या सगळा वेळ नवऱ्याकडे बघत होत्या.

नागपूरला आल्यावर धंतोलीतल्या डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन काढला आणि आजाराचं नाव सांगितलं. म्हणाले, हे दोन-तीन वर्षांपासून असणार. ओळखीच्या घरात झाकलेलं राहतं, माणूस जागेवरून हलला की उघडं पडतं. शामलाबाईंनी विचारलं, नेलं नसतं तर वाढलं नसतं का? डॉक्टर म्हणाले, वाढलंच असतं. हे उत्तर त्यांनी पुढे अनेकदा स्वतःला ऐकवलं. त्यानं बरं वाटायचं नाही.

पुढची वर्षं वाईट गेली. घराला आतून कुलूप लावून त्या किल्ली कमरेला ठेवू लागल्या. रुपराव दार हलवायचे, शेजाऱ्यांना हाका मारायचे, "या बाईनं मले कोंडून ठेवलं." आंघोळीला न्यायला गेलं की हात उगारायचे. आयुष्यात ज्या माणसानं कधी बोट लावलं नव्हतं, त्यानं एका सकाळी लोटा फेकून मारला आणि शामलाबाईंच्या भुवईवर टाके पडले. खाप्याहून आलेल्या जावेनं विचारलं, तेव्हा मोरीत पाय घसरला म्हणून सांगितलं.

अश्विन आला, कपाळ पाहिलं आणि बापाजवळ बसून रडला. हिंगणा रोडला अशा रुग्णांना ठेवून घेणारी एक संस्था होती. तो म्हणाला, "आई, आता तुझ्याच्यानं होत नाही." शामलाबाई बरेच दिवस नाही म्हणत राहिल्या, मग एके दिवशी हो म्हणाल्या. सोडायला गेल्या तेव्हा रुपराव काहीही न विचारता तिथल्या माणसाचा हात धरून आत गेले. ते अडून बसतील, आपल्याला धरून ठेवतील, अशी तयारी त्यांनी मनाशी केली होती. तसं काही झालं नाही. त्या दिवशी घरी येऊन त्या आडव्या झाल्या, त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपल्या. शेजारच्या प्रयागबाईंनी दार ठोठावून उठवलं. एवढी गाढ झोप लागली याची त्यांना फार शरम वाटली. तसं त्यांनी प्रयागबाईंना बोलूनही दाखवलं. प्रयागबाई म्हणाल्या, "झोपसान नाही तं मरसान का?"

आता त्या एक दिवसाआड बसने हिंगणा रोडला जातात. रुपराव वाळले आहेत, बोलणं जवळजवळ बंद आहे. कधी त्यांना 'बाई' म्हणतात, कधी नुसतं बघतात. परवा गेल्या तेव्हा ते खिडकीशी खुर्चीवर बसले होते, नखं वाढलेली. शामलाबाईंनी पिशवीतून नेलकटर काढलं, खाली बसून त्यांचा डावा हात मांडीवर घेतला आणि एकेक नख कापलं. मग त्या म्हणाल्या, "आता दुसरा द्या." रुपरावांनी दुसरा हात पुढे केला.