ते तेवढं लिहू नका

हे मी आजवर कुणालाही बोललेले नाही. नवऱ्याला नाही, माझ्या गाईडला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगते आहे — कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. म्हणजे बघा, इथेही मी आपली सोयच बघते आहे.

आम्ही बहारीनला असतो, अमवाजला. नवरा बँकेत. मुलगी शाळेत गेली की घर खायला उठायचं, म्हणून मी पुण्याला पीएचडीसाठी नाव घातलं. विषय — घरदार सोडून आखातात एकट्या राबणाऱ्या मराठी बायका. आकडे नाहीत, तक्ते नाहीत, नुसत्या मुलाखती. बसायचं आणि ऐकायचं. मला वाटलं, ऐकण्यात काय एवढं अवघड आहे?

आणि मी मुलाखत खरंच चांगली घ्यायचे हो. बाई अडखळली की आपण बोलायचं नाही. मान हलवायची, गप्प राहायचं — समोरच्याला ती शांतता सोसत नाही, मग तोच बोलतो. हे शिकवलेलं असतं. संमती घ्यायची, नाव बदलायचं, नको म्हणेल ते गाळायचं — हेही शिकवलेलंच असतं. दोन्हींपैकी पहिलं मला पटकन जमलं.

सुमन कोकणातली. जिदहफ्सला एका खोलीत रेखाबरोबर राहायची. रेखा तिच्याच तालुक्यातली; हिला बहारीन दाखवलं तेच मुळी रेखाने, व्हिसापासून सगळी धावपळ करून. सुमन एका कंपनीत सफाईला होती आणि सणासुदीला आम्हा मराठी घरांत स्वयंपाकाला यायची. उकडीचे मोदक असे करायची की काय सांगू! गणपतीत ती कुणाकडे जाणार यावरून आमच्यात रुसवेफुगवे व्हायचे. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला ठसठशीत कुंकू. नवरा गावी असतो, एवढंच सगळ्यांना माहीत.

मी तिच्या खोलीवर गेले होते. रेखा ड्युटीवर. मुलाखत संपली, मी फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं, चहा झाला — आणि मी गप्प बसले. मुद्दाम. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी अडलेलं मला दिसलं होतं. तर ती बोललीच. नवरा केव्हाच गेलाय. कुंकू लावते, कारण एकटी बाई म्हटलं की जो तो विचारपूस करायला येतो. आणि कुंकू नाही म्हटल्यावर देवाचा नैवेद्य तिच्या हातचा घेणार कोण? हे फक्त रेखाला ठाऊक होतं. आता मला. डोळे पुसून म्हणाली, "ताई, ह्ये तेवढं लिवू नका हां."

"नाही गं लिहिणार," मी म्हणाले. तिच्या हातावर हात ठेवून.

लिहिलं.

त्याच दिवशी लिहिलं, घरी येऊन, अंगावरचे कपडेही न बदलता. इतकी सोन्यासारखी गोष्ट, सोडवेना! नाव बदललं, गाव बदललं, जिदहफ्स काढून टाकलं. पण मोदक ठेवले. मोदकांमुळे त्या परिच्छेदाला कशी चव आली होती — गाईडलाही तोच आवडला. आता तुम्हीच सांगा, अख्ख्या बहारीनमध्ये घरोघरी जाऊन मोदक करून देणाऱ्या मराठी बायका किती? एकच. शेंबड्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही? की कळलं होतं? हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तर यायच्या आत भांडी घासायला उठते. इथे, तुम्हाला सांगताना, सुमन हे नाव खरं नाही, आणि मोदकही खरे नाहीत. पदार्थ वेगळाच होता. आता सुचतंय हे सगळं!

मग माझं एक ऑनलाइन भाषण झालं, त्यात तोच परिच्छेद वाचून दाखवला. आणि मी, दीडशहाणी, त्याची लिंक आमच्या बायकांच्या ग्रुपवर टाकली. कौतुक हवं होतं ना! सगळ्यांनी ऐकलं, टाळ्यांची चित्रं पाठवली. कुणी काही विचारलं नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू समोरच्या इमारतीत होतं. सुमन आत गुळाच्या पोळ्या करत होती. दरवर्षी घरची बाई तिलाही कुंकू लावायची, वाण द्यायची. त्या दिवशीही ती पंचपाळं घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. सुमनने हात धुतले, पदर सारखा केला, कपाळ पुढे केलं. आणि ती बाई काही न बोलता वळून परत आली. सुमन तशीच उभी, कपाळ पुढे करून. मी तिथेच बसलेले होते, वाणाची डबी मांडीवर घेऊन. उठून मीच लावलं असतं कुंकू, तर काय आभाळ कोसळणार होतं? मी तिळगूळ चघळत राहिले. गप्प बसायला मला छान येतं, म्हटलं ना.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. खलास.

पण सांगायचं आहे ते हे नाही. इथवरचं मी कधीतरी 'चुकलं माझं' म्हणून कुणापाशी तरी बोलले असते. पुढचं नाही बोलता येत.

सुमन माझ्या घरी आली. सोफ्यावर बस म्हटलं तरी खाली बसली. म्हणाली, दोघींनाच म्हाईत होतं ताई — तुमाला आनि रेखाला. आणि माझ्याकडे बघत राहिली. या वेळी ती गप्प होती. मला ती शांतता सोसली नाही.

"मी कशाला सांगेन गं?" मी म्हणाले. "आमच्यात नियम असतात. रेखाला विचारलंस का?"

झालं. एवढंच बोलले मी. इतकं सहज आलं ते तोंडातून की अजून माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

सुमनने खोली सोडली, कंपनीच्या हिद्दच्या कामगार-कॅम्पवर राहायला गेली. रेखाचा फोन आला. "आईशपथ ताई, मी कुनाला नाय बोलले ओ. तुमी सांगा तिला, तुमचं ऐकंल ती." हुंदके देत होती. बोलते म्हणाले. नाही बोलले. मग तिचे फोन उचलायचंच सोडलं. शेवटी रेखा व्हिसा रद्द करून गावी निघून गेली. जायच्या आधी हिद्दला भेटायला आली होती, पण सुमन खाली उतरली नाही. हे मला सुमननेच सांगितलं. बरं केलंस, असंही मी म्हणाले नाही, वाईट केलंस असंही नाही.

माझी पीएचडी झाली. प्रबंधात मुलाखतीच्या नीतीवर एक अख्खं प्रकरण आहे. तो मोदकांचा परिच्छेदही आहे, अजून तसाच. तो काढायचा तर का काढला हे सांगावं लागेल. रेखाचा नंबर अजून फोनमध्ये आहे. कधी कधी नुसता उघडून बघते, जीव नकोसा होतो, आणि बंद करते.

यंदा गणपतीत सुमन आली, हिद्दहून बस बदलत, डबा घेऊन. आता कुणाकडे करत नाही म्हणाली, फक्त तुमच्यासाठी केले. "तुमी येकच हाव ताई, जिला समदं सांगता येतं."

मी आतून तूप आणलं. ती बघत होती, म्हणून तिच्यासमोरच बसून एक मोदक खाल्ला. आणखी घ्या, म्हणाली. मी घेतला.