मोरिबाचा वस्तरा
उत्तरेचा धुळकट गार वारा पहाटेपासून झोंबत होता. सेगू शहराकडच्या एका गावात म्हातारी तेनिन जारा अंगण झाडून बाजरीचं पीठ चाळत बसली होती, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. नातू आज आठ दिवसांचा झाला. जावळ काढून नाव ठेवायचं, आणि जावळ काढणार न्हावी मोरिबा त्राओरे. त्याच्या वस्तऱ्याचीच तिला धास्ती होती.

गावात अंग तापलं की लोक मलेरिया म्हणून मोकळे. दवाखान्यातली नर्स आवा मात्र सांगून गेली होती, "डासांचे तापसुद्धा चार तऱ्हांचे असतात, आजी. आणि रक्तातून, वस्तऱ्याच्या ओरखड्यातूनही पसरणारी कावीळ आपल्याकडं दहांत एकाला तरी आहे. तोंड बघून कळत नाही." मोरिबाचा वस्तरा तर साऱ्या गावाच्या डोक्यांवरून फिरलेला. नर्सनं कोरी पाती पुढं केली, तेव्हा तो फुरंगटला, "माझ्या आज्याचा वस्तरा हाय ह्यो!"

पण तेनिन पडली जारा आणि तो त्राओरे. या दोन कुळांची थट्टा पिढीजात. एकमेकांना चवळीखाऊ म्हणावं, गुलाम म्हणावं, हातातलं हिसकावावं. जो रागावला त्याचंच हसं.

मोरिबा अंगणात आला.

"आला का चवळीखाऊ! वास आधी, माणूस मागनं."

"गुलामांनी मालकाला आधी पाणी द्यावं, म्हातारे."

"देते की!" म्हणत तिनं त्याच्या हातातला वस्तरा ओढला आणि टोपलीतल्या भेंड्या चराचरा चिरून शेळीपुढं टाकल्या. "बघा गं, त्राओऱ्यांचं हत्यार कशाच्या कामाचं ते!"

बारशाला जमलेल्या बाया खिदळल्या. मोरिबानं वस्तरा परत घेऊन बाहीला पुसून पाहिला, पण बुळबुळीत चिकटा जाईना. तेनिननं नर्सकडून आणलेली कोऱ्या पात्यांची पुडी पुढं धरली.

"घेतो," तो मिशीतल्या मिशीत हसला. "पण सगळ्यांदेखत चवळी खायची आणि म्हणायचं, जारा त्राओऱ्यांचे गुलाम."

साठ वर्षांत हे शब्द तिच्या तोंडून निघाले नव्हते. तिनं एका बाईनं पुढं केलेल्या चवळीचा बकाणा भरला आणि काहीतरी पुटपुटली.

"ऐकू न्हाय आलं."

तिनं बाळाकडं पाहिलं, घास गिळला आणि खणखणीत म्हणाली, "जारा त्राओऱ्यांचे गुलाम!"

अंगण हसून लोळलं. मोरिबानं कोरं पातं चिमटीत धरून हळुवार हातानं जावळ काढलं, बाळ झोपेतच राहिलं. "आता ज्याचं डोकं त्याचं पातं," तो ऐटीत म्हणाला, जणू त्यालाच सुचलं होतं.

"मालक म्हणतील तसं," म्हणत तेनिननं खरकटी पातेली डोक्यावर घेतली आणि घासायला विहिरीकडं निघाली.