मनगटावरचा थेंब

अत्तरवाल्याचं दुकान एवढंसं होतं की गिऱ्हाईक आत आलं की त्याला स्वतःला अंग चोरावं लागे. वय चाळीस, लग्न नाही, आणि जीव जडला होता समोरच्या शिंपिणीवर. शेवटी एकदाचा धीर करून त्याने विचारलं, तेव्हा शिलाई मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "माझ्या आईचा वास आणून द्या. मग बघू."

दुसऱ्या कोणी ही थट्टा समजली असती. पण हा पडला सरळ माणूस. त्याने तिच्या गेलेल्या आईची सुयांची डबी मागून घेतली आणि दुकानाला कुलूप लावून निघाला. डोंगरापलीकडची एक म्हातारी गेलेल्या माणसांचे वास काढून देते, असं त्याने ऐकलं होतं. सात दिवसांनी ती सापडली. तिच्या चुलीत लाकूड नव्हतं, विस्तव नव्हता, तरी वरच्या हंड्यातलं पाणी खदखदत होतं. म्हातारीने डबी पाण्यात सोडली आणि नळीतून कुपीत एकच थेंब उतरला.

"पुन्हा निघायचा नाही," ती म्हणाली.

दुकानात परतल्यावर त्याने बूच काढलं आणि वीस वर्षांच्या सवयीने थेंब आपल्याच मनगटावर चोळून हुंगला. स्वतः पारखल्याशिवाय माल द्यायचा नाही, हा त्याचा नेम. मग रिकाम्या कुपीकडे लक्ष गेलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. असला गाढवपणा अत्तरवालाच करू जाणे.

तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. तरी तो रस्ता ओलांडून गेला आणि खरं ते सांगून टाकलं. शिंपिणीने त्याचं मनगट नाकाशी नेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई," एवढंच ती म्हणाली. कितीतरी वेळाने हात सोडला. "मी उद्या येते. हात धुऊ नका."

ती रोज येऊ लागली. लग्नाचा विषय मात्र निघेना. तिसऱ्या दिवशी वास उडाला. नाकावर पोट भरणाऱ्याला ते कळणारच, तरी त्याने हात पुढे केला. पाचव्या दिवशी मात्र त्याचं मन त्याला खाऊ लागलं.

"वास गेलाय," तो खाली मान घालून म्हणाला. "मी फसवलं तुम्हाला."

"परवाच गेला," ती मनगट न सोडता म्हणाली. "आता विचारा ना परत."

अत्तरवाला वाकून आपलंच मनगट पुन्हा हुंगू लागला. शेवटी प्रश्नही तिनेच विचारला आणि होकारही तिनेच दिला.