बाबांचं सदुसष्ट सालचं मत

माझे सासरे आमच्याकडे दुबईला आले ते दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात, उकाडा जरा उतरल्यावर. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. गोव्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत पेडण्याच्या घरी ते एकटेच राहत, हाताने रांधून खात, आणि फोनवर विचारलं की "मजेत आहे गं" एवढंच म्हणत. शेवटी नवऱ्याने विचारायचं सोडून दिलं. सरळ व्हिजिट व्हिसा काढला आणि तिकीट पाठवलं.

आम्ही अल कुसैसला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मी देऱ्यातल्या एका फ्रेट कंपनीत अकाउंट्स बघायचे. नवरा इमारतींच्या आतलं, फिट-आउटचं काम करणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट इंजिनिअर होता, मुलगी चौथीत. तेव्हा मंदी होती. शहरात क्रेन दिसायच्या, पण हलताना दिसायच्या नाहीत. ऑफिसात एचआरकडून कुणाला बोलावणं आलं की उरलेले सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत बसायचे.

बाबा मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. जन्म गोव्याचा, पण घरात मराठी. कोकणी ही मराठीचीच एक बोली, हे त्यांचं मत इतकं पक्कं होतं की आमच्या लग्नाच्या बैठकीत, काही कारण नसताना, त्यांनी ते माझ्या वडिलांना ऐकवलं होतं. मी ठाण्याची. मला ते सोयीचंच पडलं.

आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ते खाली नारळ आणायला गेले आणि तासाभराने परत आले. नारळ साडेतीन दिरहमला, म्हणजे पंचेचाळीस रुपयांना मिळाला याचा राग होता, पण चेहरा खुललेला होता. लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधली आंटी भेटली होती. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीची ख्रिस्ती बाई, नवरा बोटीवर नोकरीला होता, तो वारल्यावर मुलाकडे राहायला आलेली. माझं तिच्याशी दोन वर्षांत हाय-हॅलोपलीकडे काही झालं नव्हतं. तिने बाबांचा सदरा बघून कुठले म्हणून विचारलं, "तुमी खंयचे?", आणि पुढचा तासभर दोघं तळमजल्यावर वॉचमनच्या खुर्च्यांवर बसून बोलत राहिले. कोकणीत.

मग रोजचंच झालं. बाबा संध्याकाळी त्यांच्याकडे जायचे नाही तर आंटी आमच्याकडे यायची. ती त्यांना मास्तर म्हणायची, ते तिला बाय म्हणायचे. एका शुक्रवारी मी चहा ओतत होते आणि तिने सहज विचारलं, "मास्तर, सदुसष्टांत तुमचें कितें? फूल काय पानां?"

मला वाटलं, एखादा जुना खेळ असेल. बाबांनी मला नीट समजावून सांगितलं. पोर्तुगीज गेल्यावर पाच-सहा वर्षांनी गोव्यात मतदान झालं होतं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाची खूण फूल. वेगळं राहायची खूण दोन पानं.

"मी फूल," बाबा म्हणाले. "आमचा अख्खा वाडा फूल."

"ठाऊक आसा," आंटी म्हणाली. "पेडण्याचा मनीस आणि पानां मारतलो?" आणि हसली. तिचं मत अर्थातच पानं.

त्यांचं वादाचं बोलणं सगळं कोकणीत. मला जेवढं समजलं तेवढं मराठीत सांगते. बाबा म्हणायचे, "शाळा मराठी, कीर्तन मराठी, आईला लिहिलेली पत्रं मराठी. मग राज्य वेगळं कशाला? आपण मोठ्या घरात जात होतो." ती म्हणायची, "मोठ्या घरात आम्हाला खोली कुठली मिळाली असती? मागची." तिचा नवरा तेव्हा बोटीवर होता, त्याला मत देता आलं नाही. ती सासऱ्यांबरोबर चालत गेली होती आणि तिने घाबरून मत दिलं होतं. गोवा हा शब्दच पुसला जाईल, अशी तिला भीती वाटत होती. "तुम्ही आनंदाने दिलंत, मी भिऊन दिलं," ती म्हणाली. "मोजताना दोन्ही सारखीच."

ती गेल्यावर मी बाबांना विचारलं, "आता असं मतदान झालं तर काय कराल?"

 बाबा कप आत ठेवून आले आणि म्हणाले, "पानं."

मी थक्क झाले. ज्या माणसाने बैठकीत माझ्या वडिलांचं बौद्धिक घेतलं होतं, तो माणूस हे बोलत होता.

"कधी बदललं?"

"तेच सांगता येत नाही," ते म्हणाले. "हरलो तेव्हा दोन दिवस जेवलो नाही. मग शाळा सुरू झाली. मुंबईत एकदा कामाला गेलो, तिथला कारकून म्हणाला, तुमच्या गोव्याला काय, मजा. त्याचा राग आला. सत्त्याऐंशीला गोवा राज्य झालं तेव्हा शाळेत पेढे मीच वाटले, आणि वाटताना लक्षात आलं की आपण फूलवाले. एका दिवशी काही बदललं नाही बघ. पूर्वीचं म्हणणं मांडायचा तेवढा थांबलो."

"मग आंटीला सांगा की."

"तिला कशाला?" ते म्हणाले. "ती वाद घालायची थांबेल."

नोव्हेंबरच्या शेवटी नवऱ्याच्या कंपनीने त्याला अनपेड लीव्हवर पाठवलं. मॅनेजर म्हणाला, "जानेवारीत बोलावतो, इन्शाल्ला." साइटवरचा फोरमन निघताना फक्त "खलास, हबीबी" म्हणाला आणि नवऱ्याला त्याचंच खरं वाटलं. माझ्या पगारात भाडं आणि शाळा भागायची. नवरा सकाळी मुलीला बसवर सोडून यायचा आणि दिवसभर सीव्ही पाठवत बसायचा. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

समोर आंटीच्या मुलाची नोकरी आमच्या आधीच गेली होती. पण तो निश्चिंत दिसायचा. एकदा जिन्यात त्याने नवऱ्याला कारण सांगितलं. त्याच्या आईचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला. तिचा जन्म लिस्बनला नोंदवला की ती पोर्तुगीज नागरिक, मग मुलगाही. तो पासपोर्ट घेऊन इंग्लंडमध्ये काम करता येत होतं. त्याचे कागद तयार होते. "तुझ्या बाबांचाही जन्म त्याच वेळचा," तो नवऱ्याला म्हणाला. "व्हाय आर यू वेस्टिंग इट?"

नवऱ्याने दोन दिवस ते मनात ठेवलं. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी जेवताना बाबांसमोर काढलं. मुलीच्या शिक्षणाचं सांगितलं, इथलं काही खरं नाही म्हणाला, फक्त नोंद करायची आहे म्हणाला.

बाबा भात कालवायचे थांबले. त्यांच्या सख्ख्या चुलतभावाला पत्रकं वाटली म्हणून पोर्तुगिजांनी दोन वर्षं आत ठेवलं होतं. तो बाहेर आला तो एका कानाने बहिरा होऊन. आमच्या घरातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, नवऱ्यालाही. मुक्ती झाली तेव्हा बाबा अठरा वर्षांचे होते आणि त्या दिवसाबद्दल ते कधी विनोदाने बोलत नसत.

मला वाटलं ते भावाचं नाव काढतील. त्यांनी वेगळंच विचारलं. "तिकडे नोंद झाली तर इकडे मतदार यादीत नाव राहतं का?"

"नाही राहणार, भारताचं नागरिकत्व जातं," नवरा म्हणाला. "पण बाबा, एका मताने काय होतं?"

"मी एकही चुकवलेलं नाही," बाबा म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

मुलीने विचारलं, "व्हाय इज आजोबा अँग्री?" 

त्या संध्याकाळी ते समोर गेले. मी दार ओढून घ्यायला गेले तेव्हा दोन्ही दारं उघडी होती आणि बाबांचा आवाज चढलेला होता. "बाय, तू सही केलीस? पानांवर मत देणारी तू?"

"केली," ती म्हणाली.

"मग पुढच्या खेपेला मत कुठे देणार?"

"खंयच ना."

कुठेच नाही. तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं. मग म्हणाली, "मास्तर, तेव्हा माझ्याकडे फक्त मत होतं. आता मुलगा आहे, दोन नातवंडं आहेत, आणि त्याला सहा महिने काम नाही. गोवा राहिला ना? राहिला. आता ही राहायला हवीत."

बाबा घरी आले आणि झोपायच्या खोलीत जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले. त्यांना राग आला होता, पण कुणाचा ते त्यांना ठरवता येत नसावं. "मी फूलवाला असून पानांकडे आलो," ते म्हणाले, "आणि ही बाई मुळातली पानवाली, ही कुठे गेली?" मग म्हणाले, "तिचं चुकलंय असंही म्हणवत नाही."

त्यांनी नवऱ्याला नाही असं कधी सांगितलं नाही. व्हिसा संपत आला तेव्हा एवढंच म्हणाले, "पुढच्या निवडणुकीत मत देतो. त्यानंतर तू म्हणशील तिथे सही करतो." पुढची निवडणूक दोन वर्षांवर होती. नवरा चिडला. मला म्हणाला, "दोन वर्षांत आपण इथे असू का?" बापलेकांत पुढचे काही दिवस फक्त "जेवलास का" आणि "जेवलो" एवढंच बोलणं होतं. बाबा परत गेले तेव्हा विमानतळावर नवऱ्याने त्यांना वाकून नमस्कार केला, पण मिठी मारली नाही. एरवी मारतो.

आंटीचं कुटुंब त्यानंतर महिन्याभरात निघालं. तिने मला जाताना लोणच्याची बरणी आणि प्रेशर कुकर दिला. आधी गोव्याला जाऊन मग ती इंग्लंडला जाणार होती.

आमचं मात्र वेगळंच झालं. मार्चमध्ये नवऱ्याला अबू धाबीत काम मिळालं. तिथे बांधकामं चालू होती. तो आणखी तिघांबरोबर कार-पूल करून पहाटे जायचा आणि रात्री यायचा, आणि दमलेला असला तरी घरात पुन्हा मोठ्याने बोलायला लागला. लिस्बनचा विषय आपोआप मागे पडला. दोन हजार बारात गोव्यात मतदान झालं. बाबांनी मत दिलं आणि संध्याकाळी फोन केला. "मी माझं केलं," ते नवऱ्याला म्हणाले. "आता सांग, सही कुठे करायची?"

फोन स्पीकरवर होता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "नको बाबा," तो म्हणाला. "चाललंय आमचं."

"नक्की?"

"नक्की."

 बाबांना सुटल्यासारखं वाटलं की सही करायची मनाची तयारी वाया गेली म्हणून वाईट वाटलं, ते मला आजही कळलेलं नाही. त्यांनी पावसाचं विचारलं. दुबईत.

आंटीचा आणि बाबांचा फोन चालू होता, महिन्यातून एकदा तरी. दोन हजार सोळात ब्रिटनमध्ये युरोपातून बाहेर पडायचं की नाही यावर मतदान झालं. तिच्या मुलाला त्यात मत नव्हतं, पोर्तुगीज म्हणून. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिने बाबांना फोन करून सांगितलं, "मास्तर, हांगाय दोन पानां जिखलीं." म्हणजे इथेही वेगळं राहणारेच जिंकले. बाबांनी हे मला हसत सांगितलं, मग पुढचंही सांगितलं. तिचा मुलगा ज्या गोदामात होता तिथले काही लोक त्याला आता परत कधी जातोस म्हणून विचारत होते. "तीही माणसं भिऊनच मत देऊन आली असतील," आंटी म्हणाली होती. "मी त्यांना काय बोलू?"

त्या डिसेंबरात आम्ही गोव्याला गेलो होतो. बाबा म्हणाले, एक दिवस सासष्टीत जाऊ. आंटीच्या घराची किल्ली त्यांच्याकडे होती, हे तेव्हा आम्हाला कळलं. इंग्लंडला जायच्या आधी ती पेडण्याला येऊन देऊन गेली होती. गावातल्या नात्यातल्या लोकांना द्यायला ती तयार नव्हती, त्यांच्यात आणि तिच्यात वाटणीवरून काही होतं. तेव्हापासून दोन-तीन महिन्यांनी बाबा दोन बस बदलून तिथे जायचे आणि घर उघडून हवा खेळवून यायचे. त्र्याहत्तराव्या वर्षी.

"सांगितलं का नाहीत?" नवऱ्याने विचारलं.

"तू म्हणाला असतास, कशाला जाता."

आंटीचं बैठं घर, पुढे बसायचे दगडी सोपे. वाड्यातल्या दहा-बारा घरांपैकी निम्म्यांना कुलपं होती. कोण कुठे गेलं ते बाबा दाखवत होते, स्वतःच्या गावासारखं. आम्ही खिडक्या उघडल्या. मी केर काढला. नवरा कौलांवर चढून दोन फुटकी कौलं बदलून आला, आणि बाबा खालून त्याला पाय कुठे ठेवायचा ते सांगत होते. मुलगी सोप्यावर बसून मोबाइलला रेंज शोधत होती. "कॅन वी लिव्ह हिअर?" तिने विचारलं, आणि बाबांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला ते मराठीत पुन्हा सांगायला लावलं.

मग त्यांनी माझ्या फोनवरून आंटीला व्हिडिओ कॉल लावला. तिने स्वेटर घातला होता, केस पार पांढरे. बाबांनी फोन हातात धरून तिला एकेक खोली दाखवली. स्वयंपाकघरात आल्यावर ती ओरडली, "पाटा खंय गेलो?" पाटा जाग्यावर नव्हता. बाबांनी परसात शोधला, विहिरीपाशी शोधला. शेजारच्या घरात विचारायला नवऱ्याला पाठवलं. पाटा त्यांच्याचकडे निघाला. बापलेकांनी मिळून तो उचलून आणला. तो जागेवर नीट बसला हे तिला स्क्रीनवर दिसेपर्यंत तिने काही फोन ठेवला नाही.