गिरिजाचं बोलणं पुरं होऊ द्या

अन्याय झाला तो गिरिजावर आणि तिच्या शाळेतल्या मुलांवर. कधी, तेही सांगतो : यंदा, एकोणीसशे त्रेसष्टच्या संक्रांतीला, सकाळची प्रार्थना आटोपायच्या आत. चामराजपेटेतल्या लग्नाच्या छत्राची, त्या मंगल कार्यालयाची, मागची खोली म्हणजे त्यांची शाळा. तिला कुलूप लागलं. शाळा चालवणारी सुंदराक्का शिवरात्रीनंतर गेली. निरोप आला तेव्हा मी छापखान्यात त्या कुलपाविरुद्धचंच पत्रक तपासत होतो...

सुंदराक्का आमच्या शेजारची. इतर शाळा ‘मंदबुद्धी’ म्हणून परत पाठवत ती मुलं तिच्याकडे येत. मूल सदऱ्याचं बटण लावू लागलं, की ती स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरून उभी राही. एकदा मी मदतीला वाकलो तर म्हणाली, “स्वल्प थांब रे. ते बटण तुझं नाही.” माझी पत्रकं मात्र ती मन लावून वाचायची. “सगळं खरं आहे,” म्हणायची, “पण वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेव की.”

धनुर्मासात लग्नं नसतात, तेवढा महिना खोली निर्धास्त मिळे. एरवी मुहूर्त आला, की चटया, मणी, पाट्या उचलून मुलं बाहेरच्या कट्ट्यावर. संक्रांतीनंतर मुहूर्त सुरू होणार, म्हणून छत्राचे विश्वस्त त्या सकाळीच कुलूप घेऊन आले. परके कुणी नव्हेत. छत्र आपल्याच मराठी मंडळींचं.

“मुलीकडच्यांना या मुलांचा अपशकुन वाटतो, अक्का. आता कायमचीच रिकामी करा.”

“आधी तिळगूळ घ्या,” सुंदराक्का म्हणाली. “गिरिजा देईल. तिचं झालं की मग तुम्ही बोला.”

गिरिजा बारा वर्षांची, फुलवाल्याची मुलगी. ते एक वाक्य ती महिनाभर शिकत होती. ताट घेऊन ती पुढे झाली. “तिळ...” म्हणाली आणि अडली. “गूळ...”

“सरी, सरी, कळलं,” म्हणत विश्वस्तांनी हात पुढे केला.

“कळलं नाही,” सुंदराक्का म्हणाली. “ती अजून बोलतेय.”

तिचे हात पाठीमागेच होते, बोटं पांढरी पडलेली. मी तोंड उघडलं, तर माझ्याकडे न बघताच तिने मान हलवली. गिरिजाच्या ओठांवर “घ्या” आलं, तोवर विश्वस्तांनी मुलांना बाहेर काढून दार ओढलंही होतं. ताट धरून ती त्यांच्या मागे गेली. “गोड बोला” ती पुरतं म्हणाली, स्पष्ट म्हणाली, पण विश्वस्तांच्या पाठीला. ते तेव्हा किल्ली फिरवत होते.

त्यानंतर शाळा कट्ट्यावर भरली, त्या कुलपासमोर, अक्का अंथरुणाला खिळेपर्यंत. आता तिथे मुलं आपली आपणच जमतात. परवा गेलो, तर सगळ्यांत धाकटा मणी ओवत होता. दोरा पुन्हा पुन्हा निसटत होता. गिरिजा शेजारी उभी होती. दोन्ही हात पाठीमागे, घट्ट धरलेले...

येत्या रविवारी सकाळी छत्रात विश्वस्तांची बैठक आहे. खोलीचा निकाल तिथेच लागेल. गिरिजाला दोन शब्द म्हणायचे आहेत : खोली उघडा. तिला वेळ लागेल. तुम्ही हे वाचलंत, तर या. तिच्या वतीने कुणी बोलू नका. हात पाठीमागे धरून दारात उभे राहा, आणि तिचं पुरं होईपर्यंत एकाही विश्वस्ताला उठून जाऊ देऊ नका.